देवळी तालुका : शिवार तेवढेच, माणसे किती?

मागच्या हंगामात देवळी तालुक्यातल्या एका गावात गुलाबी बोंडअळीवर सभा लावली होती. यादीत बासष्ट नावे होती. आदल्या दिवशी दवंडी झाली, मोबाइलवर निरोप गेले, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली. आले तेरा जण. त्यातला वयाने सर्वांत लहान शेतकरी सत्तेचाळीस वर्षांचा. बाकीचे कुठे म्हणून विचारले, तर मागे बसलेले एक बुढे म्हणाले, "साहेब, नावं सातबाऱ्यावर हायेत जी. माणसं पुण्याले हायेत. त्याईले फोन लावून सांगा अळी कशी मारावं ते."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना गाडीवर तोच विचार डोक्यात होता. आपल्या गावाच्या आज तीन याद्या आहेत. एक सातबाऱ्यावरची, एक मतदारांची आणि रेशनची, आणि तिसरी रात्री गावात खरोखर झोपणाऱ्यांची. एके काळी या तिन्ही याद्यांत फारसा फरक नव्हता. आता एका गावाच्या तीन याद्या समोर ठेवल्या, तर ती तीन वेगळी गावे वाटतील. आणि ज्या यादीवर गावाला पैसा मिळतो, पंच ठरतात, आरक्षण ठरते, ती जनगणनेची यादी २०११ सालची आहे.

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे राहिली ती राहिलीच. आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्याआधीचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठेवलेला आहे, आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे आणि कागदाऐवजी मोबाइलवर नोंदी होणार आहेत. म्हणून देवळी तालुक्याची माणसे कशी वसली, कुठे वाढली आणि कुठे आटली, हे आताच पाहून ठेवणे बरे.

आधी भूगोल. देवळी वर्ध्याच्या नैर्ऋत्येला, सतरा-अठरा किलोमीटरवर, नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. तालुक्याच्या पश्चिम-दक्षिणेला वर्धा नदी वळसा घालते. नदी ओलांडली की अमरावती आणि यवतमाळ जिल्हे. जुनी माणसे आजही पलीकडच्या काठाला वऱ्हाड म्हणतात, कारण पूर्वी ही नदीच हद्द होती. पलीकडे निजामाचा मुलूख आणि अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा. आतल्या अंगाने यशोदा नदी वाहते. नदीकाठची जमीन काळी, खोल, पावसाळ्यात बंडीचे चाक धरून ठेवणारी. चढावर गेले की बरड. पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास, पण पडतो तो जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत आणि त्यातही खंड देऊन. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन हा या जमिनीचा संसार, आणि पाणी असेल तिथे गहू-चना.

वस्ती या भूगोलाप्रमाणेच बसली. नद्या-नाल्यांच्या काठी गावे दाट, बरडावर विरळ. एकाच नावाची गावे इतकी की कंसाशिवाय ओळखच पटत नाही. सोनेगाव (आबाजी), शिरपूर (होरे) अशी नावे बाहेरच्या माणसाला गमतीची वाटतात, पण पोस्टमनला आणि तलाठ्याला विचारा त्या कंसाची किंमत. (तलाठ्याचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. लोक अजून जुनीच नावे घेतात, मीही इथे तीच घेतो.) शिवाय महसूल दप्तरात रिठी गावे आहेत. नाव आहे, नकाशा आहे, सातबारा आहे, पण राहायला एक चूल नाही. कधी काळी साथीने, दुष्काळाने किंवा पाण्यावाचून उठलेली ही गावे. गाव ओसाड पडणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, हे रिठी पाहिली की कळते. फरक एवढाच की तेव्हा सगळे गाव एकदम उठायचे. आता घरातला एकेक जण उठतो आणि दाराला कुलूप दिसत नाही.

इतिहासातही देवळीचा परिसर आजच्यापेक्षा मोठ्या मानाचा होता. १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा जिल्ह्याचे पहिले ठिकाण वर्धा नव्हतेच. ते पुलगावजवळचे कवठा होते. चार वर्षांनी, १८६६ मध्ये, ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलवले आणि तिथे वर्धा शहर आखले गेले. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. तो पुलगाव, दहेगाव, वर्धा असा गेला. देवळी कापसाची जुनी पेठ असूनही रुळापासून चार-पाच मैल बाजूला राहिली.

त्या चार-पाच मैलांनी पुढची दीडशे वर्षे ठरवली. १९०१ च्या सुमारास पाच हजारांच्या घरात असलेली देवळी २०११ च्या जनगणनेत एकोणीस हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे एकशे दहा वर्षांत चौपटीच्या आत. रुळावरचे पुलगाव मात्र कापड गिरणीमुळे आणि नंतर लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे तीस हजारांच्या वर गेले, आणि लगतचे नाचणगाव त्याच्याच पोटात शिरल्यासारखे वाढले. तालुक्याचे ठिकाण लहान आणि तालुक्यातले दुसरे गाव मोठे, असे हे उलटे चित्र आहे. आजच्या कायद्याप्रमाणे नवीन नगरपरिषद करायची तर किमान पंचवीस हजार लोकसंख्या लागते. देवळीची नगरपरिषद जुनी म्हणून टिकली.

आता जिल्ह्याचे आकडे पाहू. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १० लाख ६७ हजार ३५७ होती. २००१ मध्ये ती १२ लाख ३६ हजार ७३६ झाली, आणि २०११ मध्ये १३ लाख ७७४. पहिल्या दहा वर्षांत वाढ १५.८७ टक्के आणि पुढच्या दहा वर्षांत फक्त ५.१८ टक्के. त्याच काळात महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला. म्हणजे राज्य जेवढ्या वेगाने वाढले, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगाने आपण. घरात लेकरे कमी झाली हे एक कारण आहेच, आणि ते चांगलेच कारण आहे. पण त्या दहा वर्षांत देवळी शहर दहा टक्क्यांच्या वर वाढले आणि जिल्हा पाच टक्के. शहरे अशी वाढली असतील आणि सरासरी तरी पाचवरच राहिली असेल, तर खेड्यांत काय घडले याचा हिशेब कोणीही बोटावर मांडू शकेल.

कोकणात हे आपल्याआधी घडले. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी चक्क घटली. पण कोकणाची मुंबईशी मनीऑर्डरची जुनी गाठ आहे आणि आंबा-काजूला रोज माणूस लागत नाही. आपली पऱ्हाटी तशी नाही. तिला पेरणीपासून वेचणीपर्यंत माणूस हवा. जपानात शेतकऱ्याचे सरासरी वय पासष्टच्या पुढे गेले आहे, पण तिथे भाताची लावणी आणि कापणी यंत्र करते. आपल्याकडे कापूस अजून बाईच्या बोटांनीच वेचला जातो.

याचाच हिशेब एकरी मांडून पाहा. एकरी आठ क्विंटल कापूस धरला आणि एका बाईची दिवसाची वेचणी सरासरी बावीस किलो धरली, तर एका एकराला छत्तीस-सदतीस बाया-दिवस लागतात. पाच एकराला एकशे ऐंशीच्या वर. तेही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, जेव्हा गावात सगळ्यांचाच कापूस फुटलेला असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी या खात्यात लागलो तेव्हा गावातल्या गावात टोळी मिळायची. आता सकाळी सहाला ऑटो घेऊन दुसऱ्या गावाला बाया आणायला जावे लागते, आणि ऑटोचे भाडे शेतकऱ्याच्या अंगावर पडते. सालदार तर ऐकण्यातला शब्द उरला. अक्षय्य तृतीयेला सालदाराशी बोलणी करणारी घरे आता ट्रॅक्टरवाल्याशी बोलणी करतात.

पऱ्हाटीच्या वावरात सोयाबीन का आले याची बाजारभावाची कारणे आपण नेहमी बोलतो. पण एक कारण हेही आहे की सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांत मोकळे होते, सोंगणी ठेक्याने देता येते आणि मळणीयंत्र एका दिवसात ढीग काढते. म्हणजे पिकाची निवड बाजार जेवढी करतो, तेवढीच गावची माणसेही करतात. आमच्या कार्यालयात आराखडे करताना जमिनीचा प्रकार, पाऊस, सिंचन असे सगळे रकाने असतात. वेचायला किती हात आहेत, हा रकाना नसतो. निम्न वर्धा प्रकल्पाचे पाणी ज्या शिवारांत पोचले, तिथे रब्बी वाढायला हवी. पण पाणी असूनही वावर पडीक दिसले की मी आता पहिला प्रश्न पाण्याचा विचारत नाही. घरात कोण कोण राहते, हे विचारतो. वर रोही आणि रानडुकरे आहेत. जागल करायला तरणा गडी नसेल, तर चना डुकरांच्याच वाट्याला जातो.

मग तरणे गडी जातात कुठे? काही पुण्याला आणि नागपूरला. काही देवळीच्याच एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यांत पाळीवर. हे बरे आहे, कारण ते रात्री गावात परततात, रविवारी फवारणी करतात. ज्यांना तेही मिळत नाही, ते मिळेल ते काम धरतात. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव (आबाजी) शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली, त्यात ठेक्यावरचे मजूरही होते. असल्या कामावर माणूस जातो, तेव्हा त्याच्या गावात वर्षभराची मजुरी उरलेली नसते, हे गृहीत धरावे. इकडे वेचणीला माणूस मिळत नाही आणि तिकडे माणसाला वर्षभर काम नाही, या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकाच वेळी खऱ्या आहेत. मजुराला दोन महिने हात जोडायचे आणि दहा महिने ओळखायचे नाही, तर तो थांबणार कसा?

आता वाटा बदलत आहेत. दीडशे वर्षे बाजूला राहिलेल्या देवळीला अखेर रूळ लागला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, आणि देवळी, भिडी ही स्टेशने नकाशावर आली. तिकडे पुलगाव-आर्वीची नॅरोगेज गाडी बंद पडून गेली. महामार्गाच्या दोन्ही अंगांना वावरांचे प्लॉट पडताना आपण रोज पाहतो. माझा अंदाज असा की पुढच्या मोजणीत देवळी शहर आणि महामार्गाला लागून असलेली गावे फुगलेली दिसतील, आणि नदीकाठची, पांदण रस्त्याची गावे आकसलेली. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

पण नुसता अंदाज करून भागत नाही, कारण आकड्यामागे पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी वाटताना लोकसंख्येला नव्वद टक्के आणि क्षेत्रफळाला दहा टक्के वजन होते, आणि लोकसंख्या धरली ती २०११ ची. ग्रामपंचायतीचे पंच किती, हेही माणसांवर ठरते. दीड हजारापर्यंत सात, त्यावर तीन हजारांपर्यंत नऊ, असे करत जास्तीत जास्त सतरा. चौदाशे नव्वद लोकांचे गाव आणि पंधराशे दहा लोकांचे गाव यांत वीस माणसांचा फरक, पण दोन पंचांचा फरक पडू शकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव जागाही याच आकड्यांवर. २०२५ मध्ये नगरपरिषदांचे प्रभाग पाडले तेही २०११ च्याच माणसांवर. म्हणजे त्या मोजणीनंतर जन्मलेले पोर चौदा वर्षांचे झाले, तरी ते प्रभागाच्या हिशेबात नव्हते.

म्हणून काही गावांत आताच कुजबुज सुरू आहे की पुण्याची पोरेही आपल्याच गावात लिहून टाकू. हे करू नये. जनगणनेचा नियम असा की माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. २०११ च्या वेळी मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता, आणि त्या पूर्ण काळात जो घराबाहेर होता त्याला त्या घरात धरत नव्हते. पुण्यातही लिहिला आणि गावातही लिहिला, तर आकडा फुगतो. मग फुगलेल्या आकड्यावर उद्या आम्हीच मजूर भरपूर आहेत असा आराखडा करू, आणि वेचणीला पुन्हा ऑटो फिरवत बसू.

उलट जे खरोखर गावात आहेत आणि लिहिले जात नाहीत, त्यांची काळजी जास्त करावी. पहिल्या म्हणजे बाया. प्रगणक दारात आला की घरचा माणूस सांगतो, "मी शेती करतो, ती घरीच असते." ती घरी कुठे असते? निंदण तिचे, खत टाकणे तिचे, वेचणी तिची, ढोरांचे शेण-पाणी तिचे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काम करणारा मुख्य कामकरी आणि त्याहून कमी करणारा सीमांतिक, असा जनगणनेचा हिशेब. आपल्या बहुतेक शेतकरी बाया सहा महिन्यांच्या वर वावरात असतात. तिच्या नावापुढे घरकाम लिहिले, की सरकारच्या लेखी त्या गावात शेतकरी अर्धेच राहिले. आमच्या सभेच्या यादीतल्या बासष्ट नावांत बायांची नावे चार होती. सभा सुरू होती तेव्हा शाळेसमोरच्या वावरात सात बाया फवारणीचे पाणी वाहत होत्या. अळी ओळखायची गरज खरी त्यांना होती.

फार्मर आयडीचीही तीच गत. १५ एप्रिल २०२५ पासून खात्याच्या योजनांना हा क्रमांक लागतो, आणि तो सातबाऱ्याला जोडलेला आहे. ज्याच्या नावे जमीन, तो शेतकरी. मक्त्याने किंवा बटईने करणारा या हिशेबात येतच नाही, आणि आपल्याकडे पुण्याला गेलेल्याची वावरे बहुधा तोच करतो. त्याची नोंद निदान जनगणनेत तरी शेती करणारा म्हणून व्हावी. विचारले तर त्याने शेतमजूर न सांगता, मक्त्याने शेती करतो असे स्पष्ट सांगावे. सांगायला तो भितो. लिहिले गेले तर मालक वावर काढून घेईल अशी धास्ती असते. जनगणनेतली माहिती कायद्याने गुप्त असते, ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, ही गोष्ट सरपंचांनी ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगितली तर बरे होईल.

दुसरे म्हणजे गावठाणाबाहेरची वस्ती. पारधी बेडे, वीटभट्टीवरच्या झोपड्या, वावरात कायम राहणारी जागल्याची कुटुंबे, चना सोंगायला बाहेरून आलेल्या टोळ्या. मोजणी फेब्रुवारीत आहे आणि नेमका तोच सोंगणीचा काळ आहे. दिवसा प्रगणक आला तर अर्ध्या घरांना कडी असेल. संध्याकाळी सातनंतर गेले तरच माणूस भेटेल. प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजी असतात, त्यातले बरेच वर्ध्याहून जाणे-येणे करणारे. त्यांना गावठाणातली घरे नकाशावर सापडतील, पण बेड्याची वाट नकाशावर नसते. घरयादीच्या वेळीच ग्रामपंचायतीने कोतवालाला त्यांच्यासोबत द्यावे. कोणत्या नाल्यापलीकडे कोणाची चूल पेटते, हे त्याला ठाऊक असते.